गरीब मुलाचा एक तास



खाप्याहून नागपूर काही फार दूर नाही. तीस-पस्तीस किलोमीटरची वाट. कन्हानच्या काठचे हे आपले गाव जुने आहे. १८६७ साली, म्हणजे नागपुरात पहिली मोठी कापडगिरणी सुरू होण्याच्या दहा वर्षे आधी, येथे नगरपालिका आली. हातमागावर जगलेले हे गाव. विणकराच्या घरात पोर जरा हाताशी आले की त्याला कांड्या भरायला बसवीत. त्याला कोणी मजुरी म्हणत नसे; ते घरचेच काम. आई हाक मारी, पोर येई. माग थांबला की पोर पुन्हा गल्लीत खेळायला मोकळे.

पण तेच पोर आईबापांबरोबर शहरात गेले की सगळे पालटते. शहरात काम घराबाहेर असते आणि ते भोंग्यावर चालते. आईबाप कामावर गेले म्हणजे खोलीला कुलूप. अंगण नाही, ओटा नाही, चार घरांवर नजर ठेवणारी आजी नाही. गावात गरीब मुलाजवळ पैसा नसतो, पण माणसे असतात. शहरात तो पैशालाही पारखा आणि माणसांनाही पारखा. अशा मुलासाठी, आणि मिसरूड फुटू लागलेल्या त्याच्या थोरल्या भावासाठी, समाजाने आजवर काय काय केले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

तुम्ही म्हणाल, शहरातल्या पोरांची ही कथा आम्हा खेड्यातल्यांना कशाला? अहो, शहरातली ती पोरे आली कोठून? तुमच्या-आमच्या गावांतूनच ना! म्हणून हा इतिहास आपलाही आहे.

या इतिहासात मला एक सूत्र दिसते, ते आधीच सांगून टाकतो. गरीब मुलाला शाळा, पुस्तक, खेळ, औषध सगळेच हवे असते. पण हे सगळे घ्यायला त्याच्यापाशी एक मोकळा तास लागतो. ज्यांनी आधी मुलाचा दिवस पाहिला आणि त्या दिवसातला मोकळा तास शोधला, किंवा तसा तास त्याला मिळवून दिला, त्यांचे काम पुढे चालले.

प्रारंभ पुण्यापासून करू. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, हे आपल्या शाळेतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण १८५५ साली या दांपत्याने आपल्या घरीच एक रात्रीची शाळा सुरू केली, तिची आठवण कमी निघते. दिवसा शेतात किंवा मजुरीवर राबणारे स्त्री-पुरुष रात्री तेथे अक्षरे गिरवायला येत. पाहा, त्यांनी कष्टकऱ्यांना ‘काम सोडून शिकायला या’ असे सांगितले नाही. काम सोडले तर चूल विझेल, हे त्यांना कळत होते. शिकणाऱ्याचा दिवस बदलता येत नव्हता, तेव्हा त्यांनी शाळेची वेळ बदलली. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी शाळा म्हटली की सकाळी दहाची घंटा, आणि त्या घंटेला जो पोचेल त्याचेच नाव पटावर!

पुढे गिरण्यांचे युग आले. मुंबईत आधी, मग नागपुरात. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. आसपासच्या खेड्यांतून माणसे आली आणि त्यांच्या मागोमाग मुलेही. गिरणीत मुलांना कामही होते. सूतकताईच्या खात्यात भरलेली बॉबिने काढून रिकामी लावायची, त्याला लहान चपळ बोटे बरी पडत.

या मुलांसाठी सरकारने पहिला कायदा केला तो १८८१ साली. त्याने काय दिले? सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये! शिक्षकबंधूंनो, दुसरीतला मुलगा डोळ्यांपुढे आणा आणि त्याचे नऊ तास मोजा. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ झाले आणि मुलांचे तास सात झाले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत मुलांचे तास सहावर आले. १९२२ साली किमान वय बारा झाले. १९४८ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्याचे दार बंद केले. सातावरून चौदावर यायला सदुसष्ट वर्षे लागली. म्हणजे वयाचे एकेक वर्ष वाढवायला जवळजवळ दहा वर्षे!

आणि कायद्याने मोकळा केलेला तास मुलाच्या हाती पडलाच असेही नाही. काही शहरांत असे आढळले की अर्ध्या वेळेचा मुलगा सकाळी एका गिरणीत जाई आणि दुपारी वेगळ्याच दाखल्यावर दुसऱ्या गिरणीत. आईबाप दुष्ट होते म्हणून नव्हे. घरात खाणारी तोंडे अधिक आणि मजुरी तोकडी. कायद्याने दिलेला तास दारिद्र्याने परत घेतला. येथे एक धडा मिळतो, तो ध्यानात ठेवा: मुलाचा तास मोकळा करायचा तर बापाच्या मजुरीकडे आणि तासांकडेही पाहावे लागते.

हे ओळखणारी माणसे निघाली. फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली. १८९० साली गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली, तिच्यामागे त्यांचे कष्ट होते. आज रविवार उजाडला की आपण सहज सुटी घेतो. पण त्या एका वाराने किती मुलांना आपला बाप दिवसाउजेडी पाहायला मिळाला असेल!

त्यानंतरचे मोठे नाव नारायण मल्हार जोशी यांचे. जन्म १८७९ चा, कुलाबा जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या रायगडातला. आरंभी काही वर्षे त्यांनी शिक्षकी केली. मग १९०९ साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. १९११ च्या मार्चमध्ये मुंबईत त्यांनी सोशल सर्व्हिस लीग ही संस्था उभी केली. परळच्या बाजूला, जेथे गिरणगावाच्या चाळी होत्या, तेथे या संस्थेने काम सुरू केले. रात्रीच्या शाळा, वाचनालये, औषधोपचार, मुलांसाठी खेळ आणि सहली. तिची फिरती वाचनालये तर खास सांगण्याजोगी. पुस्तके पेटीत भरायची आणि ती पेटी वस्तीवस्तीतून फिरवायची. वाचक पुस्तकापर्यंत येऊ शकत नाही ना? मग पुस्तकच वाचकाच्या दारी!

रात्रशाळेचा मास्तर रात्री काय पाहत असेल, याची कल्पना तुम्हा शिक्षकांना सहज येईल. दहा-बारा तास यंत्रापुढे उभा राहिलेला पोरगा पाटी घेऊन बसतो. पहिला धडा संपायच्या आत त्याची मान छातीवर येते. त्याला जागे करायचे की निजू द्यायचे? हा प्रश्न शिकवण्याच्या पद्धतीचा नाहीच. तो कामाच्या तासांचा आहे. जोश्यांच्या आयुष्याचे वळण पाहिले तर त्यांना हा प्रश्न पुरता उमगला होता असे दिसते. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९२२ च्या कायद्याने मोठ्या माणसाचा कामाचा दिवस अकरा तासांवर आणला, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत तो दहा तासांवर आला. रात्रशाळेत सुरू झालेली वाट कायदेमंडळापर्यंत गेली ती अशी. दया आणि कायदा यांत काही लोक भांडण लावतात. जोश्यांनी दोन्ही हातांनी काम केले. आज रात्रीची शाळाही चालवायची आणि उद्या तिची गरज उरू नये म्हणून झगडायचेही.

हा विचार तेव्हा जगभर चालू होता. लंडनच्या पूर्व भागात, गरिबांच्या वस्तीत, १८८४ साली टॉइन्बी हॉल उघडले. विद्यापीठातले तरुण तेथे येऊन राहत आणि शेजारी म्हणून काम करीत. १८८९ साली शिकागोत जेन ॲडम्स यांनी परदेशातून आलेल्या मजुरांच्या वस्तीत हल हाउस काढले. त्याच धर्तीवर १९२७ साली मुंबईच्या नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकी मिशनऱ्याने ‘नेबरहुड हाउस’ सुरू केले. नेबरहुड म्हणजे शेजार. नावातच सगळे आले. गावात शेजार फुकट मिळतो. शहरात तो बांधावा लागतो! याच घरात पुढे १९३६ साली समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण देणारी शाळा निघाली. आज मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून आपण जिला ओळखतो, तिचे मूळ त्या शाळेत आहे.

हे झाले मुंबईचे. तेथे पैसा होता, पुढारी होते, परदेशी मदत होती. आता आपल्या नागपूरकडे वळू. येथल्या दोन माणसांची कथा ऐका. त्यांच्यापाशी यातले काहीच नव्हते.

पहिले किसन फागुजी बनसोडे. जन्म १८७९, गाव आपल्याच जिल्ह्यातले मोहपा. नारायण मल्हार जोश्यांचेही हेच जन्मवर्ष. एक शहाण्यासुरत्या घरातला, दुसरा अस्पृश्य म्हणून गावकुसाबाहेर ठेवलेला; पण दोघांनी जन्मभर एकच रस्ता धरला. बनसोड्यांनी १९०७ साली नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. मुलींची शाळा, आणि तीही ज्यांना इतरांच्या शाळेत पाय ठेवू देत नसत अशा वस्तीतली! पुढे त्यांनी छापखाना चालवला, पत्रे काढली, लिहिले.

दुसरी व्यक्ती जाईबाई चौधरी. जन्म १८९२, गाव उमरेड. लहानपणीच लग्न झाले. घर चालवण्यासाठी त्यांनी हमालीचे काम केले. कामठी-नागपूर या वाटेवर डोक्यावरून ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंचे लक्ष त्यांच्याकडे गेले. तिच्या साहाय्याने त्या शिकल्या आणि मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिका झाल्या. पण शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच काही पालक बिथरले. ‘आमची मुले या बाईंपुढे बसणार नाहीत’ असे म्हणू लागले. जाईबाईंची नोकरी गेली. पुन्हा हमाली? नाही. १९२२ साली नागपूरच्या नवी वस्तीत त्यांनी स्वतःच संत चोखामेळा कन्याशाळा उघडली.

या कथेचा विचार करावा तेवढा थोडा. जिचे डोके ओझ्याखाली वाकले होते, तिने शाळा काढली. बाहेरून कोणी उपकार करायला आले नाही. वस्तीतलीच बाई वस्तीतल्या मुलींसाठी उभी राहिली. कोणती मुलगी सकाळी पाण्याला जाते, कोणाला पाठचे भावंड सांभाळावे लागते, कोणाची आई पाळीवर जाते, हे तिला सांगायला पाहणी करणारा माणूस लागत नव्हता. ती त्याच गल्लीतून चालत येत होती. मुलाचा तास ओळखायचा तर त्याच्या दाराशी राहावे लागते, ते असे.

गिरणीच्या मालकांनीही काही केले नाही असे नाही. एम्प्रेस मिलने आपल्या कामगारांच्या वस्त्यांत कल्याणकार्य चालवले आणि ते वाय. एम. सी. ए. या संस्थेकडे सोपवले. त्याचा लाभ झाला. पण गिरणीच्या आधाराने उभी राहिलेली कामे गिरणीच्या नशिबाशी बांधलेली असतात. स्वातंत्र्यानंतर काही दशकांत गिरण्यांना उतरती कळा लागली आणि एकेक बंद पडली. एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. भोंगा गेला; वस्त्या मात्र राहिल्या, आणि वाढल्या.

आता मुलांचा प्रश्नही उलटा झाला होता. आजोबांच्या काळी मुलाला मोकळा तास मिळत नसे. नातवाच्या काळी थोरल्या मुलांपाशी तासच तास, आणि त्यांत करायला काही नाही. शाळा सुटलेली, काम मिळालेले नाही, खोली लहान. असा रिकामा तास फार दिवस रिकामा राहत नाही. पत्त्यांचा अड्डा त्याला बोलावतो, नशा बोलावते, दादागिरी बोलावते.

अशा वेळी नागपुरातच एक गोष्ट घडली. हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे नावाचे क्रीडाशिक्षक होते. २००१ सालची, पावसाळ्यातली गोष्ट. झोपडपट्टीतली काही मुले पावसात एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली. अशी दृश्ये आपण सगळेच पाहतो. ‘काय हा दंगा!’ म्हणतो आणि छत्री सावरून पुढे जातो. बारसे थांबले. त्यांना त्या दंग्यात खेळ दिसला. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला. मग वस्तीवस्तीतल्या मुलांचे संघ बनवून स्पर्धा घेतली. तिला लोक ‘झोपडपट्टी फुटबॉल’ म्हणू लागले. पुढे तेच ‘स्लम सॉकर’ या नावाने देशात पसरले.

फुटबॉलच का? हिशेब साधा आहे. क्रिकेटला बॅट हवी, पॅड हवेत, पाळीची वाट पाहायला हवी. फुटबॉलला एक चेंडू. बाकी आपले पाय. बूटही नसले तरी चालते. आणि एका चेंडूभोवती बावीस मुले गुंततात. खेळाच्या मिषाने मुलगा ठरलेल्या वेळी येऊ लागतो, दुसऱ्याला चेंडू द्यायला शिकतो, हरल्यावर हात मिळवायला शिकतो. एकदा मुलगा रोज त्याच वेळी येऊ लागला की मग त्याच्याशी शाळेविषयी बोलता येते, व्यसनाविषयी बोलता येते, मुलींच्या खेळण्याविषयी बोलता येते. या संस्थेने तसेच केले. मैदानावरच्या खेळांतून गणित आणि आरोग्याच्या गोष्टी शिकवल्या, मुलींचे संघ उभे केले, खेळून तयार झालेल्या मुलांतूनच पुढचे शिकवणारे घडवले.

२००३ सालापासून बेघर आणि वंचित खेळाडूंची एक जागतिक फुटबॉल स्पर्धा भरते. पहिली ऑस्ट्रियात ग्राझ येथे झाली. नागपूरच्या या संस्थेमार्फत भारताचे खेळाडू तिकडे जाऊ लागले. ज्या मुलाने कधी मुंबई पाहिली नाही, त्याने विमानातून समुद्र पाहिला. २०१६ साली फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, या संस्थेला आपला विविधता पुरस्कार दिला. २०२२ साली नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट आला, तो बारसे यांच्याच कार्यावर बेतलेला. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल.

पण चित्रपट संपतो तेथे काम संपत नाही, हेही म्हटले पाहिजे. चेंडूने पोट भरत नाही. शंभर मुले खेळली तर एखाद-दुसराच खेळाडू म्हणून नाव काढणार. बाकीच्यांना शाळा लागेल, हातात कसब लागेल, नोकरी लागेल. ते काम एका संस्थेच्या आवाक्यातले नाही. तेथे सरकार हवे, उद्योग हवेत, आपण सगळे हवे. खेळाने मुलाचा एक तास वाचवला. उरलेले तेवीस तास समाजाचे देणे आहे.

फुल्यांची रात्रशाळा, जोश्यांची पुस्तकांची पेटी, जाईबाईंची नवी वस्तीतली शाळा, बारशांचा चेंडू. यांपैकी एकाही कामाचा आरंभ मोठ्या इमारतीने झाला नाही. प्रत्येक ठिकाणी कोणी तरी थांबून मुलाचा दिवस पाहिला.

आता खाप्यासारख्या गावातल्या शिक्षकाने आणि पालकाने यातून काय घ्यावे? शिक्षकबंधू-भगिनींनो, दोन गोष्टी सुचवतो.

पहिली ही. वर्गात वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाला कारण विचारण्याआधी त्याचा दिवस विचारा. किती वाजता उठतोस, पाणी कोण भरते, धाकट्याला कोण सांभाळते, संध्याकाळी कोठे असतोस? वहीत लिहून काढा. पुष्कळदा त्याचा एखादा तास आपल्याला सापडेल. त्या तासाला गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने समाजमंदिरात, नाही तर शाळेच्या व्हरांड्यात चार पोरांना घेऊन बसावे. याला अनुदान लागत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. पुष्कळ कुटुंबे कामासाठी मध्येच नागपूरला जातात. मुलाचे नाव येथून निघते आणि तेथे लागत नाही. त्या फटीत मूल हरवते. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा शाळा बदलल्याचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून नव्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. ही गोष्ट गाव सोडणाऱ्या आईला जाण्यापूर्वी समजावून सांगा. दाखला वेळेवर द्या, आणि जमल्यास ती कोणत्या वस्तीत राहणार हे विचारून तेथल्या शाळेला दोन ओळी कळवा. बसमध्ये बसलेल्या मुलाबरोबर त्याची शाळाही नागपूरला पोचली पाहिजे.

सातव्या वर्षी गिरणीच्या दारात उभा असलेला मुलगा चौदाव्या वर्षापर्यंत शाळेत ठेवायला आपल्या देशाला सदुसष्ट वर्षांचे कायदे आणि असंख्य माणसांच्या रात्री लागल्या. एवढ्या कष्टाने मिळवलेले ते तास आपल्या हातून सांडू नयेत, इतकेच मागणे आहे.